चिमणीतून काय बाहेर पडतंय ते आधी मोजा, मशीन नंतर घ्या

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कारखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठलं मशीन बसवायचं? तक्रार येते नाहीतर नोटीस येते, मग घाईघाईत एखादा व्हेंडर बोलावला जातो, तो त्याच्याकडे जे आहे तेच विकणार ना, स्क्रबरवाला स्क्रबर (पाण्यानं गॅस धुणारं यंत्र) सांगणार, बॅग फिल्टरवाला बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारं). सहा महिन्यांनी चकचकीत यंत्र उभं राहतं आणि चिमणीचा धूर होता तसाच. यंत्रात खोट असतेच असं नाही. धूळ किती बारीक आहे, गॅस किती गरम आहे, त्यात ओलावा किती, हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून इथे उलटा क्रम सांगतोय, आधी शोधा, मग मोजा, मग पकडा, मग साफ करा, आणि शेवटी बघा की बाहेरच्या हवेवर त्याचा काय परिणाम होतोय.

आधी प्लांट पायी फिरा

कच्चा माल जिथून आत येतो तिथून चालायला सुरुवात करा आणि तयार माल बाहेर पडतो तिथपर्यंत जा, ड्रॉइंगवर विसंबू नका कारण ड्रॉइंगमध्ये चिमण्या असतात पण कन्व्हेयरवरून माल जिथे दुसऱ्या पट्ट्यावर पडतो ती जागा नसते. चिमणी दिसते म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात, आणि खरी धूळ बऱ्याचदा क्रशर, उघडा माल, टँकचे व्हेंट, पंपांचे सील, गळके फ्लँज (पाइपचे जोड), टँकर भरायची जागा अशा ठिकाणाहून उडत असते. याला फ्युजिटिव्ह एमिशन म्हणतात, आणि ते मोजायला सगळ्यात अवघड असल्यामुळे रिपोर्टमधून सगळ्यात सहज गायब होतं.

एक साधी युक्ती. अंधार पडल्यावर जोरदार टॉर्च घेऊन जा, जिथे शंका आहे त्या जागेच्या पलीकडून झोत टाकायला सांगा आणि तुम्ही अलीकडे उभं राहून झोताच्या दिशेनं पण जरा तिरकं बघा, टॉर्चचा दिवा थेट डोळ्यात येणार नाही असा आडोसा धरून. दिवसा जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे धुळीचे लोट तरंगताना दिसतात, कुठल्या फटीतून निघतात आणि कुठे वळतात ते पण कळतं. फोटो काढून ठेवा, नंतर हूड (धूळ आत ओढून घेणारं तोंड) कुठे लावायचा या वादात फार कामाला येतात.

प्रत्येक जागेसमोर लिहा, काय निघतं (धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, सॉल्व्हंटची वाफ, आम्लाची वाफ), सतत निघतं की बॅच टाकताना, तापमान किती, सध्या त्यावर काही बसवलंय का आणि ते चालू आहे का. आणि हो, बायपास लाइन शोधा. कंट्रोल यंत्राला वळसा घालून थेट चिमणीत जाणारी एक पाइपलाइन पुष्कळ ठिकाणी असते, तिचा डँपर (आतली झडप) नीट बंद होतो का ते स्वतः जाऊन बघा. स्टार्टअप, शटडाउन, बॉयलरच्या ट्यूबवरची काजळी उडवायची वेळ, बॅग बदलायचा दिवस, हे पण यादीत घ्या, कारण दिवसभर स्वच्छ दिसणारी चिमणी या अर्ध्या तासात सगळं बाहेर टाकून मोकळी होते.

कागदावरचा अंदाज

मोजायच्या आधी हिशोब करा, त्यानं आकडा कुठल्या घरात असायला हवा ते कळतं आणि उद्या लॅबचा रिपोर्ट आला की तो पटण्यासारखा आहे का ते लगेच समजतं.

सगळ्यात भरवशाचा हिशोब म्हणजे मास बॅलन्स. समजा फर्नेस ऑइलमध्ये ३% सल्फर आहे आणि तासाला १०० किलो तेल जळतं. म्हणजे तासाला ३ किलो सल्फर. सल्फरचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणजे बरोब्बर दुप्पट, तर तासाला ६ किलोच्या आसपास सल्फर डायऑक्साइड निघणारच, मधे काही यंत्र नसेल तर तो दुसरीकडे जाणार कुठे. आता रिपोर्टमध्ये तासाला अर्धा किलो लिहिलं असेल तर तेल वेगळं होतं, लोड कमी होता, नाहीतर टेस्ट बरोबर झालेली नाही, चौथं कारण सहसा नसतं. सॉल्व्हंटचं पण तसंच. महिन्यात किती विकत घेतलं, त्यातून मालात किती गेलं, कचऱ्यात किती गेलं, स्टॉकमध्ये किती उरलं, हे सगळं वजा करा, जे उरतं ते हवेत गेलं. हा आकडा बघून खरेदी विभागाचे पण डोळे उघडतात, कारण ते पैसे देऊन घेतलेलं सॉल्व्हंट असतं.

जिथे मास बॅलन्स जमत नाही तिथे एमिशन फॅक्टर वापरतात, म्हणजे एक टन माल दळला तर इतके ग्रॅम धूळ असा तयार आकडा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपी-४२ नावाचं संकलन त्यासाठी जगभर वापरलं जातं, ते पहिल्यांदा १९६८ साली निघालं. त्यात प्रत्येक फॅक्टरला ए ते ई अशी प्रत दिलेली असते आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत. ई प्रतीचा फॅक्टर म्हणजे थोड्याशाच, फार भरवशाच्या नसलेल्या मोजणीवरून काढलेला आकडा. वर्षाचा ढोबळ हिशोब मांडायला चालेल, पण त्यावर यंत्राचं डिझाइन करू नका.

चिमणीत प्रत्यक्ष मोजताना

इथे जरा वेळ घालवतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

पहिली गोष्ट, भोक कुठे पाडलंय. चिमणीत बेंड, फॅन, डँपर यांच्यामुळे गॅसचा प्रवाह विस्कटतो आणि तो सरळ व्हायला अंतर लागतं. अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेच्या मोजणी पद्धतीत, मेथड १ मध्ये, नियम असा आहे की सॅम्पलिंग पोर्ट शेवटच्या अडथळ्यापासून व्यासाच्या ८ पट पुढे आणि पुढच्या अडथळ्याच्या (किंवा चिमणीच्या तोंडाच्या) २ पट आधी हवा. तेवढी जागा नसेल तर मोजायचे पॉइंट वाढवावे लागतात. एकमेकांना काटकोनात दोन पोर्ट, आणि दोन्ही व्यासांवर ठरलेल्या अंतरावर थांबत थांबत मोजायचं, मधोमध नळी घालून एकच रीडिंग घ्यायचं नाही. गॅस चिमणीत गोल गोल फिरत वर जात असेल, जसं सायक्लोनच्या (गॅस गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) लगेच वर होतं, तर ते आधी तपासावं लागतं, फिरण्याचा सरासरी कोन २० अंशांपेक्षा जास्त आला तर ती जागाच बाद. नवीन चिमणी बांधत असाल तर प्लॅटफॉर्म, रेलिंग, शिडी आणि पॉइंटपर्यंत वीज हे बांधकामातच घ्या. मागाहून जोडलेल्या डुगडुगत्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिलेला माणूस बारा पॉइंट नीट घेईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

वेग मोजायला एस टाइप पिटॉट ट्यूब (दाबाच्या फरकावरून वेग सांगणारी नळी) वापरतात, तिची तोंडं मोठी असतात म्हणून धुळीनं बुजत नाहीत, आणि तिचा गुणांक साधारण ०.८४ असतो. लॅबनं हिशोबात १ धरला असेल तर वेग जवळजवळ एक पंचमांशानं फुगतो, तेव्हा शीटवर हा आकडा शोधा.

आता आयसोकायनेटिक. नाव जड आहे पण गोष्ट साधी आहे. चिमणीत गॅस ज्या वेगानं वर चाललाय, त्याच वेगानं नोझलमधून (सॅम्पलच्या नळीच्या टोकातून) सॅम्पल ओढायचं. कमी वेगानं ओढलं तर गॅस नोझलला वळसा घालून जातो पण जड कण वळू शकत नाहीत, ते सरळ आत घुसतात, म्हणजे गॅस कमी आणि धूळ जास्त, आकडा खऱ्यापेक्षा मोठा. जास्त वेगानं ओढलं तर आजूबाजूचा गॅस आत खेचला जातो पण त्यातले जड कण नोझलच्या बाजूनं निघून जातात, आकडा लहान. म्हणून धूळ मोजायच्या मेथड ५ मध्ये ओढायचा वेग गॅसच्या वेगाच्या ९० ते ११०% च्या आत असावा लागतो. रिपोर्टमध्ये आयसोकायनेटिक टक्केवारीचा रकानाच नसेल तर मी तो रिपोर्ट पुढे वाचत नाही, सरळ परत पाठवतो.

टेस्ट चालू असताना तिथे उभे राहा. नोझलचं तोंड प्रवाहाकडे आहे ना, म्हणजे खाली. प्रोब (चिमणीत घातलेली सॅम्पलची नळी) आणि फिल्टर साधारण १२० अंशांवर गरम ठेवलेत ना, नाहीतर वाफेचं पाणी होऊन फिल्टर ओला होतो आणि वजन चुकतं. रन (एक पूर्ण मोजणी) संपल्यावर लीक चेक केला का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोबच्या आतल्या भिंतीला चिकटलेली धूळ. ती अ‍ॅसिटोननं धुऊन, ब्रशनं घासून, त्या धुण्याचं पाणी (पाणी म्हणजे अ‍ॅसिटोनच) वेगळ्या बाटलीत घेऊन, सुकवून त्याचं पण वजन धरायचं असतं. प्रोबमधून पहिल्यांदा ओतलेला अ‍ॅसिटोन बघा, राखाडी गढूळ दिसतो, तळाला धूळ बसते. ती सगळी धूळ तुमच्या चिमणीतली आहे. कुणी नुसतं फिल्टरचं वजन करून निघालं तर ती हिशोबातून गेली.

आणि लोड. टेस्टच्या दिवशी बॉयलर अर्ध्या लोडवर आणि नेहमीपेक्षा चांगला कोळसा, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातून मिळालेला आकडा तुमच्याच उपयोगाचा नसतो, कारण उद्या यंत्राची साइज त्याच आकड्यावरून ठरणार. त्या दिवशीचा लोड, इंधन, फीड रेट, फॅनचे अँपिअर सगळं शीटवर लिहून घ्या. एक रन पुरत नाही, तीन घ्या, आणि तीनमधला एक खूपच वेगळा आला तर तो खोडायच्या आधी त्या तासात प्लांटमध्ये काय चालू होतं ते ऑपरेटरला विचारा.

रिपोर्टमधला आकडा वाचायचा कसा

घनमीटरला ५० मिलिग्रॅम. बरं, पण कुठला घनमीटर? गरम गॅस फुगतो, म्हणून सगळं नॉर्मल स्थितीला, म्हणजे ० अंश आणि एक वातावरण दाबाला आणतात. काही नियमांत २५ अंश धरतात, नुसत्या तेवढ्यानं ९% चा फरक पडतो. कोरडा गॅस की ओला, हे पण लिहिलेलं हवं.

एक उदाहरण पूर्ण करू. चिमणीचा आतला व्यास १ मीटर, वेग सेकंदाला १२ मीटर, तापमान १५० अंश, ओलावा ८%. क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर, त्याला १२ नं गुणून सेकंदाला ९.४२ घनमीटर, तासाला साधारण ३३,९००. हे झालं गरम गॅसचं. आता २७३ भागिले ४२३ नं गुणा (१५० अंश म्हणजे ४२३ केल्व्हिन), २१,९०० च्या आसपास येतं. त्यातून ८% ओलावा काढला की कोरडा गॅस तासाला साधारण २०,१०० नॉर्मल घनमीटर. ५० मिलिग्रॅमनं गुणलं तर तासाला १ किलो धूळ. ३३,९०० ला तसंच ५० नं गुणणारे महाभाग असतात, त्यांचा आकडा १.७ किलो येतो.

हवेवर परिणाम होतो तो या किलोचा, म्हणून मिलिग्रॅम आणि किलो दोन्ही ठेवा. नुसते मिलिग्रॅम बघितले तर एक सोपी पळवाट निघते, चिमणीत बाहेरची ताजी हवा सोडायची. आकडा खाली येतो, धूळ तेवढीच राहते. तीच पकडायला ऑक्सिजन करेक्शन असतं. सूत्र असं, मोजलेला आकडा गुणिले (२१ वजा ठरवलेला ऑक्सिजन) भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). कोळशाच्या बॉयलरला ठरवलेला ऑक्सिजन ६% धरला, आणि मोजताना ऑक्सिजन १४% होता, धूळ ६० मिलिग्रॅम. तर ६० गुणिले १५ भागिले ७, म्हणजे जवळजवळ १२९. साठवर खूश झालेल्या माणसाचा चेहरा इथे पडतो. अर्थात हे करेक्शन जाळण्याच्या प्रक्रियेला लागू, जिथे काही जळतच नाही त्या दळणाच्या किंवा पॅकिंगच्या चिमणीला ते लावायचं नसतं.

पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि मिलिग्रॅमची पण गल्लत करू नका. ० अंशाला १ पीपीएम सल्फर डायऑक्साइड म्हणजे घनमीटरला २.८६ मिलिग्रॅम. नॉक्समध्ये, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये, आणखी एक मेख आहे, चिमणीत बहुतेक नायट्रिक ऑक्साइड असतो पण हिशोब नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून द्यायची पद्धत आहे, म्हणजे पीपीएमला २.०५ नं गुणायचं. कुणी १.३४ नं गुणलं तर आकडा एक तृतीयांशानं कमी दिसतो आणि शीटवर चूक कुठेच दिसत नाही.

सतत मोजणारी यंत्रं, म्हणजे ऑनलाइन मॉनिटरिंग, चांगलीच, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. धुळीचा मीटर खरं तर प्रकाश किती अडला किंवा किती विखुरला ते बघतो, वजन करत नाही, त्यामुळे आयसोकायनेटिक टेस्टशी ताडून त्याची रेषा काढावी लागते. युरोपच्या ईएन १४१८१ मध्ये त्यासाठी निदान १५ जोडमोजण्या, त्या पण कमीत कमी ३ दिवसांत विभागून, अशी अट आहे. ओल्या स्क्रबरनंतर असला मीटर लावला तर तो पाण्याच्या थेंबांनाच धूळ समजतो. आणि ग्राफ रोज दिवसभर एकदम सरळ रेषा दाखवत असेल तर आनंद मानू नका, खऱ्या चिमणीचा ग्राफ वरखाली होतोच, सरळ रेषा म्हणजे सेन्सर अडकलाय किंवा कुणीतरी लिमिट लावून ठेवलीय.

साफ करण्याआधी पकडा

यंत्र घ्यायच्या आधी अजून एक थांबा, मुळातच कमी करता येतं का. कमी सल्फरचं इंधन, माल पडायची उंची कमी करणं, कन्व्हेयर झाकणं, थोडा पाण्याचा फवारा, जळण नीट जळेल असं हवेचं प्रमाण. हे सगळं बोअरिंग आहे, उद्घाटन करण्यासारखं यात काही नाही, पण इथे वाचलेला प्रत्येक किलो पुढे पकडावा लागत नाही.

मग हूड. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, फुंकर लांब जाते पण ओढ लांबून लागत नाही. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, श्वास आत ओढून विझवून दाखवा. सक्शनच्या तोंडापासून एक व्यास इतकं लांब गेलं की हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या साधारण दहाव्या भागावर येतो. म्हणजे हूड थोडा जवळ आणणं हे फॅन मोठा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. शक्य असेल तिथे हूड नको, पूर्ण झाकणच करा आणि त्याला लहान सक्शन द्या. तपासायला धुराची नळी घ्या, धूळ निघते त्याच जागी धूर सोडा आणि बघा. तो सगळा आत गेला तर ठीक, अर्धा वळून कामगाराच्या तोंडाकडे आला तर पुढे कितीही भारी बॅग फिल्टर असू दे, काय उपयोग. आणि हो, आजूबाजूचे पेडेस्टल फॅन चालू ठेवूनच तपासा, कारण रोज ते चालूच असतात.

डक्टमध्ये (हूडपासून यंत्रापर्यंतच्या हवेच्या पाइपात) धुळीसाठी सेकंदाला १८ ते २० मीटर वेग ठेवतात, कमी झाला की धूळ तळाला बसत जाते आणि डक्ट हळूहळू भरतो. जुन्या फॅनवर नवीन ब्रँच जोडली की बाकीच्या ब्रँचची हवा जाते, हे इतक्या वेळा घडतं की ब्रँच जोडायच्या आधी सगळीकडचं सक्शन मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतर भांडण नको.

कुठल्या घाणीला कुठलं यंत्र

धुळीसाठी सायक्लोन स्वस्त आणि टिकाऊ, पण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरच्या कणांसाठीच बरा. फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ त्यातून आरामात निसटते, त्यामुळे त्याला पुढच्या यंत्राचं ओझं कमी करणारा समजा. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे ईएसपी, विजेच्या भारानं धूळ ओढून घेतो, प्रचंड गॅसला चांगला. अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७-०८ च्या सुमारास तो कामाच्या अवस्थेत आणला, तोही आम्लाचं धुकं पकडायला. पण त्याचा मूड धुळीच्या विद्युत रोधावर असतो, कमी सल्फरच्या कोळशाची राख आली की रोध वाढतो आणि त्याची कामगिरी घसरते. कोळसा बदलताना ईएसपीवाल्याला विचारलं नाही असं पुष्कळ ठिकाणी होतं.

बॅग फिल्टर बारीक धुळीसाठी सगळ्यात भरवशाचा, नीट चालवला तर ९९% च्या वर. पण नीट चालवला तर. कापड तापमानाप्रमाणे निवडायचं, पॉलिएस्टर साधारण १३० अंशांपर्यंत, अ‍ॅरमिड २०० च्या आसपास, ग्लास फायबर आणि पीटीएफई २५० पर्यंत. सल्फरवालं इंधन असेल तर आम्लाचा दवबिंदू बघा, तो बऱ्याचदा १२० ते १५० अंशांमध्ये असतो आणि गॅस त्याच्या खाली गेला की बॅगवर आम्ल जमतं, धूळ चिखलासारखी चिकटते आणि पत्रा गंजतो. म्हणून थंड स्टार्टअपला आधी हाउसिंग गरम करून घ्यायचं.

रोज बघायचा आकडा म्हणजे डिफरन्शियल प्रेशर, बॅगच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक. तो हळूहळू वाढत गेला तर बॅग बुजतायत, किंवा पल्सची (बॅग झटकायला मारायच्या झोताची) हवा कमी पडतेय, किंवा ती हवा सोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह मेलाय. शेजारी उभं राहून पल्सचा आवाज ऐका, एकसारखा ठक, ठक, ठक असा क्रम असतो, मधेच एक ठक गळला तर ती रांग साफ होत नाहीये. आणि फरक अचानक कमी झाला तर लोकांना वाटतं सुधारलं, खरं तर बॅग फाटलेली असते नाहीतर निसटलेली. कुठली फाटली ते शोधायला चमकणारी पावडर सोडतात आणि स्वच्छ बाजूनं यूव्ही दिवा मारून बघतात, जिथे चमक दिसते ती बॅग. नवीन बॅगवर धुळीचा पातळ थर बसल्यावरच ती खरी काम करते, म्हणून फरक शून्याला आणायच्या नादात सारखं पल्स करू नका. हॉपरमध्ये (बॅगखालच्या धुळीच्या डब्यात) धूळ साठवू पण नका, ती वर उडून परत बॅगवरच बसते.

वायूंसाठी स्क्रबर. हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया असे पाण्यात विरघळणारे वायू सहज पकडले जातात, सल्फर डायऑक्साइडला कॉस्टिक किंवा चुनखडी लागते, पीएच सांभाळावा लागतो. पीएच जास्तच चढवला तर कॉस्टिक गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषण्यात वाया जातो. नोझल बुजलेत का, पॅकिंग (आतला भराव) खचलंय का, मिस्ट एलिमिनेटर (पाण्याचे थेंब अडवणारा भाग) जागेवर आहे का हे बघत राहा, आणि ते घाण पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा, नाहीतर हवेचा प्रश्न फक्त नाल्यात ढकलला.

नॉक्ससाठी साधा पाण्याचा स्क्रबर कुणी विकत असेल तर नमस्कार करून निघा. चिमणीतल्या नॉक्समध्ये बहुतेक नायट्रिक ऑक्साइड असतो आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तिथे आधी बर्नर आणि जास्तीची हवा बघायची, कारण ज्योतीचं तापमान १३०० अंशांच्या वर गेलं की हवेतल्याच नायट्रोजनपासून तो झपाट्यानं बनतो. तेवढ्यानं भागलं नाही तर गॅसमध्ये अमोनिया किंवा युरिया सोडायचा, कॅटलिस्टशिवाय (उत्प्रेरकाशिवाय) साधारण ८५० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात, किंवा कॅटलिस्टवर ३०० ते ४०० अंशांना. पट्टा चुकला तर खालच्या बाजूला अमोनिया तसाच बाहेर पडतो आणि वरच्या बाजूला अमोनियाचाच नॉक्स बनतो.

सॉल्व्हंटच्या वाफेला कमी प्रमाण असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, जास्त आणि सतत असेल तर थर्मल ऑक्सिडायझर (वाफ जाळून टाकणारी भट्टी). कार्बन भरला की तो गुपचूप सगळं सोडायला लागतो, बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून आउटलेटला मीटर हवाच. कीटोन (अ‍ॅसिटोन हा त्यातलाच) असतील तर कार्बन बेड तापून पेट घेऊ शकतो हे डिझाइनवाल्याला आधीच सांगा. डक्टमधलं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २५% च्या आत ठेवायचं, इथे काटकसर नको.

बाहेरच्या हवेचं मूल्यमापन

चिमणीचा आकडा पास झाला तरी शेजारच्या वस्तीत हवा कशी आहे हा वेगळा प्रश्न. त्याला दोन वाटा, मोजणं आणि मॉडेल (धूर कुठे किती उतरेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज), आणि दोन्ही लागतात.

मोजायला वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक तरी स्टेशन हवं, दोघांतला फरक तुमचा. झाडाखाली, भिंतीला चिकटून, जनरेटरशेजारी यंत्र ठेवायचं नाही. वाऱ्याची दिशा तासातासाला नोंदवा, त्याशिवाय तो सगळा डेटा आंधळा. तुलनेला जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे आकडे जवळ ठेवा, पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) साठी वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची १५, नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० आणि २५, सल्फर डायऑक्साइडसाठी २४ तासांची ४०. कायद्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी याच्यापेक्षा सैल असते, पण आरोग्याच्या दृष्टीनं कुठे उभे आहोत ते कळतं.

मॉडेलमध्ये, एअरमॉड घ्या किंवा दुसरं, चिमणीची उंची, व्यास, गॅसचं तापमान, वेग, किलो आणि तासातासाचं हवामान लागतं, निदान एक पूर्ण वर्षाचं. भरताना आजूबाजूच्या इमारती विसरू नका. चिमणी बाजूच्या शेडच्या मानानं बुटकी असेल तर वारा शेडवरून जाताना धूर खाली ओढतो आणि तो जवळच जमिनीवर उतरतो. जुना आडाखा असा की उंची इमारतीच्या उंचीत, तिची उंची किंवा रुंदी यातलं जे लहान असेल त्याची दीडपट मिळवून येईल तेवढी तरी हवी. २० मीटर उंच आणि ३० मीटर रुंद शेड असेल तर लहान आकडा २०, त्याची दीडपट ३०, तर २० अधिक ३०, म्हणजे ५० मीटर. मॉडेलच्या उत्तरात आधीपासून हवेत असलेलं प्रमाण मिळवायचं, पुष्कळ रिपोर्ट फक्त कारखान्याची भर दाखवून मोकळे होतात.

चिमणी आणखी उंच करून प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर युरोपनं ते करून बघितलंय. धूर लांब गेला आणि स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांवर आम्लाचा पाऊस होऊन पडला, शेवटी १९७९ साली जिनिव्हात देशादेशांमधल्या हवा प्रदूषणाचा करार करावा लागला.

वासाच्या आणि धुळीच्या तक्रारी येतात त्यांची वही ठेवा, तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, आणि त्या तासाला प्लांटमध्ये काय चालू होतं. महिनाभर नीट लिहिलं तर कुठली बॅच, कुठला व्हेंट, कुठली शिफ्ट हे बहुतेक वेळा वहीतूनच निघतं. डिफरन्शियल प्रेशर, फॅनचे अँपिअर, स्क्रबरचा पीएच, बॅग बदलल्याची तारीख हे पण त्याच्याच शेजारी ठेवा. आणि इंधन, कच्चा माल, फॅन किंवा उत्पादनाचा वेग यातलं काहीही बदललं की मागचा स्टॅक (चिमणीचा) रिपोर्ट बाजूला ठेवून नवीन टेस्ट लावा, त्याची मुदत कागदावर कितीही शिल्लक असू दे.